विद्रावकाचा दोष

औषधशास्त्र आणि विषशास्त्र पदवीच्या विद्यार्थ्याने का अभ्यासावे, हे सामान्य वाचकास कळेल असे लिहून द्यावे, ही संपादकांची विनंती माझ्याकडे आली तेव्हा, 2025 साली छिंदवाडा जिल्ह्यातून नागपूरच्या रुग्णालयांत आणलेल्या, मूत्रपिंडे निकामी झालेल्या बालकांच्या वार्ता माझ्या मनातून गेल्या नव्हत्या, आणि आजही गेलेल्या नाहीत. वृत्तपत्रांनी ‘विषारी औषध’ असे मथळे दिले आणि चांगली सुशिक्षित माणसे मला विचारू लागली की, ते औषध कोणते, म्हणजे घरातून काढून टाकता येईल. सारी गैरसमजूत या प्रश्नातच आहे. त्या बालकांना दिलेल्या औषधाच्या बाटलीवर नोंदलेली द्रव्ये सर्दीवर नित्य दिली जाणारी होती. घात केला तो ती ज्यात विरघळवली त्या द्रवातील डायएथिलीन ग्लायकॉलने, ज्याचे प्रमाण सरकारी तपासणीत 48.6 टक्के भरले, जेथे 0.1 टक्क्याहून अधिकास मुभा नाही.

हे प्रथमच घडले असते तर अज्ञानाची सबब चालली असती. परंतु 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून, कोणत्याही प्राण्यावर परीक्षा न करता, विक्रीस काढले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तेथे 1938 चा कायदा झाला. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनने 14 रुग्णांचा बळी घेतला, लेंटिन आयोगाने सविस्तर चौकशी केली, आणि तो अहवाल दप्तरी दाखल झाला.

एका वादाविषयी मला विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण उत्तरपत्रिकांतून तो वर्षानुवर्षे चुकीच्या बाजूने निकालात निघालेला मी पाहतो. विद्यार्थी लिहितात की, डायएथिलीन ग्लायकॉलपासून शरीरात ऑक्झॅलिक आम्ल होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. हे वर्णन एथिलीन ग्लायकॉलचे आहे. केवळ नामसादृश्याने ते याला चिकटले. डायएथिलीन ग्लायकॉलच्या रेणूचे दोन भाग जोडणारा ईथर-बंध शरीरात सहसा तुटत नाही. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे ऑक्सिडीकरण आरंभते, शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते, आणि ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठून त्यांचा नाश करते. आम्ल कोणतेही असो, परिणाम एकच, असे म्हणणारे मला भेटतात, आणि त्यांचे म्हणणे मी कदापि मान्य करणार नाही. कारण जो स्फटिकांच्या शोधात राहील, त्याचे निदान स्फटिक न सापडताच भलतीकडे जाईल, आणि वेळीच फोमेपिझोल, किंवा ते नसल्यास इथेनॉल, देऊन ते विकर पहिल्याच पायरीवर अडवण्याची घटका निघून जाईल.

आमचा अभ्यासक्रम मात्र औषधद्रव्याच्या रेणूभोवतीच फिरतो. ग्राही, मात्रा, प्रतिसादाचा आलेख, हे सर्व मी आयुष्यभर अभिमानाने शिकवले, आणि त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण बाटलीतील बहुतांश भाग ज्या विद्रावकाने व्यापलेला असतो, त्याच्या वाट्यास पाठ्यपुस्तकात एखादे वाक्य यावे, हा शिरस्ता मला आता असह्य होतो. गोड, रंगहीन आणि दाट असा डायएथिलीन ग्लायकॉल हा द्रव ग्लिसरीनहून नुसत्या डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही, आणि तो स्वस्त आहे.

महाविद्यालयांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, ग्लिसरीनमधील डायएथिलीन ग्लायकॉल पातळ-थर क्रोमॅटोग्राफीने शोधण्याचा प्रयोग पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वहस्ते करवून घ्यावा. त्यास लागणारी सामग्री बहुतेक प्रयोगशाळांत आजही उपलब्ध आहे.