सांधा

द्वितीय वर्ष, कला

शरीराला गुडघा आहे हे माणसाला एरवी आठवत नाही. तो दुखू लागला म्हणजे मग उठता-बसता त्याचेच स्मरण! गाडीचेही तसेच आहे. गाडी म्हटली की लोक इंजिनाविषयी बोलतात, रंगाविषयी बोलतात, फार तर टायर किती चालले ते विचारतात. पण पुढची चाके ज्या चार सांध्यांवर वळतात आणि उसळतात, त्यांची चौकशी कुणी करीत नाही. या सांध्यांना बॉल जॉइंट म्हणतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मीही त्यांचे नाव फक्त ऐकून होतो.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत आहे. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून वर सहा किलोमीटरचा चढ, आणि त्यातला निम्मा रस्ता पावसाळ्यात ओढाच होतो. या रस्त्यावर माझे वडील जीप चालवतात. आमच्याकडे याला वडाप म्हणतात. जीप जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पण चारही चाकांना ताकद जाणारी आहे, म्हणून चिखलातून निघते. सकाळी दुधाचे कॅन आणि शाळेची मुले, दुपारी बाजारची माणसे आणि अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर तेही. 2021 च्या जुलैत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसांत आमच्या वाडीतून खाली उतरणारे वाहन म्हणजे ही एकटी जीप. माझी फीसुद्धा याच जीपच्या भाड्यातून भरली जाते. तेव्हा तिचा एखादा सांधा दुखू लागला, तर ते केवळ गाडीचे दुखणे राहत नाही.

बॉल जॉइंट म्हणजे काय, हे कला शाखेच्या मित्रांना सोप्या शब्दांत सांगतो. आपला खांदा पाहा. दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत बसलेला असतो, म्हणून हात सगळीकडे फिरतो. बॉल जॉइंट हा तोच प्रकार पोलादात केलेला. एक पोलादी गोळा, त्याला निमुळता दांडा. गोळा वाटीत बसतो, वाटीत ग्रीस असते आणि त्यावर रबराचे टोपण. चाकामागे लोखंडाचा जो जाड तुकडा असतो त्याला नकल म्हणतात. या नकलला वरून एक आर्म आणि खालून एक आर्म धरून ठेवतो, आणि दोन्ही ठिकाणी असा एकेक गोळा असतो. चाक खड्ड्यात गेले की आर्म खाली जातो, स्टिअरिंग फिरवले की नकल वळते. ही दोन्ही कामे एकाच वेळी त्या आवळ्याएवढ्या गोळ्यावर चालतात.

पूर्वीच्या विलीज जीपला हे नव्हते. महिंद्रांनी 1947 साली ती जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली, तेव्हा तिला पुढे एकसंध अ‍ॅक्सल होता आणि चाक वळायला किंगपिन होती. नंतरच्या काही गाड्यांत पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली, बसणाऱ्याला हादरे कमी लागू लागले, आणि त्याबरोबर हे गोळे आले. "सुख वाढलं की दुखायची एक जागा वाढती," असे आबा म्हणतात. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो.

या सांध्याचा जीव त्या रबराच्या टोपणात असतो. आमच्याकडची माती जांभ्याची. भिजली की लगदा, वाळली की पीठ. दगड लागून टोपण फाटले की पाणी आत जाते, ग्रीस धुऊन नेते आणि मागे हे तांबडे पीठ ठेवते. मग गोळा आणि वाटी एकमेकांना घासू लागतात. वाटी मोठी होते, गोळा लहान होतो. आणि दुर्लक्ष केले तर एक दिवस गोळा वाटीतून निसटतो. चाक आडवे पडते, गाडी त्या अंगाला बसते, आणि हातातले स्टिअरिंग नुसते फिरत राहते. एका बाजूला दरी आणि मागे शाळेची मुले! याहून अधिक लिहायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा आबा गाडीत गाणी लावीत नव्हते. कारण विचारले तर म्हणाले, "ऐकायचंय." दर खड्ड्याला डाव्या बाजूने 'खट्' असा बारीक आवाज येत होता. मला तो तिसऱ्या दिवशी ऐकू आला. आबांना तो आठ दिवस आधीच ऐकू आला होता.

घरी आल्यावर त्यांनी चाक जॅकवर उचलले, वर आणि खाली हात धरून हलवले. खट्! मी विचारले, "आबा, हे चाकाचं बेअरिंग नाही कशावरून?" त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "आत बस आन् ब्रेक दाबून धर," म्हणाले. ब्रेक दाबला की चाक नकलशी जखडले जाते, त्यामुळे बेअरिंगची ढिलाई असेल तर ती जाणवेनाशी होते. मी ब्रेक दाबला, त्यांनी चाक हलवले. खट्! मग टायरखाली पहार घालून उचलून पाहिले, तर खालच्या जॉइंटची हालचाल डोळ्यांनी दिसली. टोपण फाटलेले होते आणि आत तांबडे पीठ.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याने चारही जॉइंट मजुरीसह साडेसात हजार सांगितले, आणि गाडी चार दिवस ठेवून घेईन म्हणाला. नुसते जॉइंट बाहेर तीन हजारांत मिळत होते. आबांनी यापूर्वी हे काम इतरांच्या हाताखाली केले होते. पण गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला, तेव्हापासून घण वर जात नाही. मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी करतो."

आबा गप्प झाले. त्यांनी मला आजवर पान्याला हात लावू दिला नव्हता. माझा चुलतभाऊ पहिले वर्ष झाल्यावर 'एक सीझन' म्हणून गाडीवर बसला, त्याला आता पाच वर्षे झाली. त्याची पुस्तके आमच्याच माळ्यावर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढून टिकलेला मी पहिलाच. आबा म्हणाले, "ह्या कामाची चटक लागती. पाना हातात आला की पुस्तक सुटतं." त्यांची भीती खोटी नव्हती. घरात रोज नोटा येताना दिसतात, आणि बी.ए. होऊन काय मिळणार ते कुणालाच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी काढली आणि एवढेच म्हणाले, "येकदाच."

गाडीबरोबर आलेले एक इंग्रजी मॅन्युअल माळ्यावर होते, तेलाने पारदर्शक झालेले. आबा चौथी शिकलेले. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत होतो आणि आबा ते हाताच्या भाषेत आणीत होते. मॅन्युअलमध्ये लिहिले होते की, खालच्या आर्मला आधार दिल्याशिवाय जॉइंट सोडू नये. का, ते लिहिलेले नव्हते. ते आबांनी सांगितले: गाडी उचलली तरी स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिचा सगळा जोर खालच्या आर्मवर असतो. जॉइंट सुटताच तो आर्म खाली झेपावतो. "माणूस तिथंच बसलेला आसतो," आबा म्हणाले.

अंगण सपाट केले. मागच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट सैल केले, मग गाडी उचलून चासीखाली स्टँड दिले आणि शेजारी आईनाचा ओंडकाही ठेवला. चाक काढून तेही गाडीखाली आडवे सारले. सगळे आधार सुटले तरी गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. दुसरा जॅक आर्मखाली लावला. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने वर टांगला, कारण तो नळीवर लोंबला तर नळी जाते. आमच्या गाडीत नकलच्या मधून पुढच्या चाकाचा शाफ्ट जातो, म्हणून नकलही दोरीने बांधली.

आणि मग खरे काम. जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या निमुळत्या भोकात रुतून बसतो. नट काढला तरी तो हलत नाही. आदल्या रात्री गंजावर डिझेल सोडून ठेवले होते, त्याचाही उपयोग झाला नाही. मी दांड्यावरच घाव घालायला निघालो, तेवढ्यात आबांनी हात धरला. "त्येला मारून काय उपयोग? ज्यानं धरलंय त्येला मार." म्हणजे दांड्याला नव्हे, तर भोकाभोवतीच्या नकलच्या कड्याला, बाजूने. नट चार आटे सैल करून तसाच ठेवायचा, म्हणजे सुटताना काही उडत नाही. कड्याला हादरा बसला की भोक क्षणभर वाकडे होते आणि दांडा सोडून देते. पाचवा, सहावा, सातवा घाव... आणि 'टप्' असा आवाज होऊन तो सुटला. गेल्या दोन वर्षांत इतके समाधान मला कोणत्याही निकालाने दिलेले नाही.

त्या दोन दिवसांत लोक अंगणात येऊन विचारीत, "आज गाडी हाय का?" आई म्हणे, "आज न्हाय." मग ते गुमान पायवाटेला लागत. एक म्हातारी मात्र ओट्यावर बसून राहिली. तिला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे होते. "हुईल तवा हुईल, पर चालत न्हाय जायाची," असे तिने जाहीर केले. ती दुसऱ्या दिवशीही आली. तिच्याइतके कडक परीक्षक मला अजून भेटलेले नाहीत.

जुना जॉइंट हातात घेतला, तर गोळा वाटीत खुळखुळत होता. आबांनी तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अजून एक पाऊस काढला नसता." नवा जॉइंट चार बोल्टांनी आर्मला बसवला, दांडा भोकात घातला, नट आवळला. या नटाला खाचा असतात, आणि दांड्यातल्या भोकातून, त्या खाचेतून स्प्लिट पिन घालायची असते. मॅन्युअलात सांगितलेल्या जोरापर्यंत टॉर्क पान्याने आवळले, पण खाच आणि भोक जुळेना. अशा वेळी नट मागे घ्यायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, असा नियम आहे. हे मॅन्युअलात होते आणि आबांनाही ठाऊक होते. आम्ही दोघांनी ते एकदमच उच्चारले आणि दोघेही हसलो. डाव्या बाजूला पूर्ण दिवस लागला, उजवी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाली. संध्याकाळी म्हातारीला घेऊन गाडी कराडला गेली, कारण चाकांचे अलाइनमेंट करून घेणे आवश्यक होते. येताना आबांनी गाणी लावली होती.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी कुशल श्रम आणि अकुशल श्रम असा भेद शिकवला आहे. फळ्यावर दोन रकाने होते. माझ्या वहीत ते आजही आहेत. आबांना कोणत्या रकान्यात लिहावे, असा मला प्रश्न पडला आहे. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. पण गोंगाटातून एक बारीक आवाज वेगळा काढणे, तो बेअरिंगचा नाही हे पुराव्याने सिद्ध करणे, आणि घाव कशावर घालावा हे जाणणे, याला विद्या म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? उलट, आबांनाही त्या दोन दिवसांत पुस्तकाविषयी काही नवे वाटले असावे. नट आवळण्याचा नेमका आकडा त्यांनी मला दोनदा विचारून घेतला आणि पेटीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवला. चौथीनंतर त्यांना काही लिहिताना मी क्वचितच पाहिले होते.

पाना हातात आला म्हणून माझे पुस्तक सुटलेले नाही. सुटणार नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही. आबांचा खांदा अजून दुखतोच आणि सहामाही फीची तारीख दर वेळी तितक्याच लवकर येते. पण 'येकदाच' हा शब्द आबांनी थोडा सैल केला आहे. आता महिन्याच्या एका रविवारी त्या चार टोपणांवर हात फिरवून पाहायचे काम माझ्याकडे आहे. ते झाले की आबा विचारतात, "परीक्षा कदी हाय?" आणि पेटी उचलून घरात नेतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी गाडी असेल, त्यांनी पावसाळा संपला की एकदा खाली वाकून ते रबर पाहावे. आणि गाडी चालवणारा घरात असेल, तर त्याला काय काय ऐकू येते तेही विचारावे.