शिक्षा म्हणून उचललेला कचरा

संस्थेच्या स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहावी, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली आणि मला आठवला तो एक शनिवार. त्या काळी वसतिगृहात शिस्त मोडणाऱ्यांसाठी माझी एकच शिक्षा ठरलेली असे : मैदानावरचा कचरा उचलणे. शिस्तही लागते आणि परिसरही स्वच्छ होतो, या दुहेरी लाभाचा मला अभिमान होता.

प्रार्थनेस उशिरा आलेली सहावीतील एक मुलगी त्या सकाळी कचरा उचलत होती. तिने कागद, बाटल्या आणि पालापाचोळा यांचे वेगवेगळे ढीग केले होते. "एकत्रच टाक," मी म्हणालो. त्यावर ती सहज म्हणाली, "सर, कागद भिजला की भाव येत नाही." तुला कसे ठाऊक, असे मी विचारले. "आई वेचते," ती म्हणाली आणि भोवतालची मुले हसली.

त्या हसण्याने मी अस्वस्थ झालो. कचऱ्याला हात लावणे म्हणजे कमीपणा, हा धडा मुलांना मीच दर शनिवारी देत होतो. ज्या कामाशी आपल्या समाजाची अप्रतिष्ठा पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवली गेली, तेच मी शिक्षा म्हणून वाटत होतो.

मी ती शिक्षा बंद केली. जूनमध्ये कडुनिंबाखाली मुलांनी एक खड्डा खणला आणि त्यात केळीची साल, पाने, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि बिस्किटपुड्याचे वेष्टन पुरले. दिवाळीच्या सुट्टीनंतर खड्डा उकरला. साल मातीत मिसळून गेली होती. पानांच्या शिराच तेवढ्या उरल्या होत्या. कागद बोटांत विरला. चिंधीची चाळण झाली होती. वेष्टनावरची किंमत मात्र अजून वाचता येत होती. जिवाणू, बुरशी आणि गांडुळे यांना ओलावा व हवा मिळाली की ती पालापाचोळ्याचे खत करतात; प्लॅस्टिक पचविण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही, हे त्या दिवशी फळ्यावर लिहावे लागले नाही.

पुढचा प्रश्न मुलांचाच होता : जे कुजत नाही, ते जाते कुठे? याचे उत्तर माझ्यापेक्षा अधिक जाणणारी व्यक्ती पुण्यात होती. पालक-सभेला आलेल्या त्या मुलीच्या आईला मी वर्गात बोलण्याची विनंती केली. १९९३ साली पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी आपली पंचायत स्थापन केली. त्या तिच्या सभासद होत्या. काच आणि पत्रा पुन्हा पुन्हा वितळवता येतो. कागद मात्र दर खेपेस कमजोर होतो. चुरगाळल्यावर होणाऱ्या आवाजावरून त्यांनी प्लॅस्टिकचे प्रकार ओळखून दाखविले. वेफर्सचे चकचकीत पाकीट उचलून त्या म्हणाल्या, "ह्याला कोणी घेत नाही. थर एकमेकांना चिकटलेत, सुटत नाहीत." मुले टिपणे घेत होती. कोणी हसले नाही.

निघताना त्या मला म्हणाल्या, "सर, पोरीनं हे काम करू नये म्हणून तिला इथं ठेवलंय. पण ह्या कामाची तिनं लाज धरू नये." या दोन वाक्यांत कोणताही विरोध नाही, हे समजायला मला शिक्षक होऊनही बरीच वर्षे लागली.

पुढे मैदानाच्या स्वच्छतेच्या पाळ्या ठरल्या आणि त्यांत शिक्षकांचीही नावे आली. माझा वार गुरुवार होता. निवृत्तीपर्यंत तो मी चुकवला नाही. खताचा खड्डा अजून आहे. थंडीच्या सकाळी तो चाळवला की आतून वाफ निघते आणि नवी मुले चकित होऊन त्यावर हात धरतात.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या शनिवारी, सर्वांसमोर, मी त्या मुलीची क्षमा मागायला हवी होती. आज ती कुठेही असो, हे पान तिच्या हाती पडले तर तिने ती स्वीकारावी.