पाण्यापासून दूरची वाट

मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, दिल्लीत कुठला आलाय डोंगर? सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला अरवलीचं हे उत्तरेकडचं टोक टेकाडच वाटणार. पण इथला क्वार्टझाइट आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडचा. तुघलकाबादच्या पुढे याच कातळावर असोला-भट्टी अभयारण्य आहे, सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं. असोला, शाहूरपूर आणि मैदानगढी या गावांची जमीन १९८६ मध्ये संरक्षित झाली, भट्टीची १९९१ मध्ये.

भट्टीत खाणी होत्या. दिल्लीच्या कित्येक इमारतींना लागलेली लालसर 'बदरपूर' वाळू इथून निघाली. १९९०च्या सुमारास उपसा थांबला आणि खोल खड्ड्यांत पाणी साठत गेलं. नीली झील हे त्यांतलंच एक तळं.

अभयारण्यांतल्या पायवाटा आखणं हे माझं काम. तळं म्हटलं की मागणी ठरलेली असते: पाण्याला लागून पूर्ण फेरी हवी, फरशी हवी, बाकडी हवीत. माझा याला ठाम विरोध आहे. खाणीच्या तळ्याला उथळ काठ नसतो. कडे विहिरीसारखे सरळ खाली जातात. नीलगाय, कोल्हा, साळिंदर, तरस यांना पाण्यापर्यंत पोचायला दरड ढासळून उतार झालेल्या मोजक्याच जागा उरतात. माणसालाही नेमकं तिथंच उतरावंसं वाटतं. वाट तिथून नेली की दिवसभर वर्दळ, आणि जनावर तहानलेलं झुडपात थांबून राहतं. म्हणून वाट वरच्या अंगानं जावी, एखादा फाटा पाणी दिसेल अशा जागी काढावा आणि त्याच वाटेनं परत फिरावं. निम्मा काठ तरी माणसाविना राहिला पाहिजे. या जंगलात बिबटे आहेत, हे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतून सिद्ध झालं आहे. रात्री तेही आपल्याच वाटांनी फिरतात. सकाळी लाल धुळीत बुटांच्या ठशांवर नखं न उमटलेला गोल पंजा दिसतो.

कड्यांचीही काळजी घ्यावी लागते. मातीच्या उभ्या भिंतींत वेडे राघू आणि खंड्या बिळं कोरतात, कपारींत शृंगी घुबड अंडी घालतं. घुबडाचा विणीचा काळ आणि आपला फिरण्याचा हंगाम बऱ्याच अंशी एकच. शिवाय कडा ठिसूळ. काठापासून हात-दोन हात आत, काठाला समांतर केसाएवढी चीर दिसली की ती जागा येत्या पावसाळ्यात जाणार असं समजावं आणि वाट मागे घ्यावी.

उतारावर सरळ सोडलेली वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते. ती समपातळीवरून, बाहेरच्या अंगाला किंचित कलती न्यावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता ओलांडून जातं. सिमेंटच्या कडा बांधल्या की हेच पाणी अडतं आणि खालची झाडं सुकतात. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याचे मार्ग तुटले की काय होतं, ते शेजारच्या फरिदाबादच्या बडखल तलावानं दाखवलं आहे. खाणींनी ओढे तोडले, भूजल खाली गेलं आणि तलाव कोरडा पडला.

एका झाडाबद्दल मात्र सांगायलाच हवं. इंग्रजांनी आणलेली विलायती कीकर, आपल्याकडची वेडी बाभूळ, सगळीकडे माजली आहे. इथला मूळ रहिवासी धौ, आपल्या धावड्याचा भाऊबंद. मांगर बनीच्या देवराईत तो अजून दाट आहे. गुरांनी सतत खाल्लेला धौ कातळाला चिकटून चटईसारखा पसरतो, घोट्याएवढाही वाढत नाही. नवख्याला ते गवत वाटतं आणि तो खुशाल त्यावर सतरंजी अंथरतो. पण चराई थांबली की त्याच चटईतून सरळ फांद्या उठतात. वाट आखताना अशा जागा मी आधी टाळते. चार पावलं जास्त चालावी लागली तरी चालतील.

दिवाळीनंतर थंडी पडली की हे जंगल पाहायला जरूर या. करणीसिंग नेमबाजी केंद्राजवळच्या प्रवेशद्वारापाशी बीएनएचएस या मुंबईच्या संस्थेचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. जाणकाराला सोबत घेऊनच आत जा. न्यायालयाच्या २००७च्या आदेशानंतर शहरातली माकडं इथं आणून सोडली आहेत, त्यांना खाऊ देऊ नका. आणि नीली झील कितीही जवळ दिसली, तरी पाण्याशी उतरू नका.