कारण : अनिश्चित

माझ्या धंद्यातलं निम्मं ज्ञान मला धरमपेठेतल्या एका जुन्या घराच्या व्हरांड्यात मिळालं, तेही फुकट. सर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले. १९५६ साली रामपुरात सुरू झालेलं हे महाविद्यालय पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. मी काही तिथला विद्यार्थी नव्हे. विम्याच्या दाव्यांसाठी आगीची कारणं शोधणारा साधा इलेक्ट्रिकल इंजिनीअर. तरी माझे मसुदे ते लाल पेन्सिल घेऊन वाचत. ‘बहुधा’ दिसलं की समासात लिहीत : ‘कशावरून?’

जळक्या वायरीवर तांब्याचा मणी दिसला की आम्ही मंडळी ‘शॉर्टसर्किट’ लिहून मोकळे. सर म्हणत, “अरे, मण्यानं आग लावली की आगीनं मणी केला?” आवरण जळाल्यावर चालू वायरी एकमेकींना भिडतातच. मणी सांगतो ते एवढंच, की तेव्हा वीज चालू होती.

आमच्या विदर्भात तर कापूस. जिनात कापसाबरोबर लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी उडते. ती रुईत शिरली, तर गाठ आतल्या आत दिवसेंदिवस धुमसू शकते आणि गोदाम पेटतं भलत्याच रात्री. सगळ्यांची बोटं मात्र छताच्या वायरिंगकडे. म्हणून सर मला राखेआधी हमालांकडे, चौकीदाराकडे पाठवत : गाठी कधी आल्या, कुठे रचल्या? राखेचा नमुना साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलेला त्यांना खपत नसे, कारण पेट्रोलची वाफ त्यातून निसटते. कोरा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाच हवा.

टेक्सासच्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमबद्दलही त्यांच्याकडूनच कळलं. १९९१ च्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या. तडकलेल्या काचा आणि जमिनीवरचे डाग पाहून तपासनिसांनी ठरवलं, यानंच ज्वलनशील द्रव ओतला. खरं तर तापल्या काचेवर पाणी पडलं तरी ती तशीच तडकते, आणि अख्खी खोली एकदम भडकली की डागही तसेच उठतात. गृहीतक पुराव्यावर घासून पाहा, टिकलं नाही तर सोडा, असं सांगणारी ‘एनएफपीए ९२१’ ही मार्गदर्शिका १९९२ साली आली. विलिंगहॅमला २००४ साली मृत्युदंड दिला गेला.

फीबद्दल सरांचा नियम सोपा होता : रक्कम आधी ठरवायची, दावा मंजूर होवो वा न होवो. त्यामुळे ‘कारण अनिश्चित’ लिहायला हात कचरत नाही. असा अहवाल वाचून मालक आणि विमा कंपनी दोघंही चिडतात. मी फी पूर्ण घेतो.