दुर्ग आणि कातळ

सह्याद्रीत वाढलेल्या प्रस्तरारोहकाला बेळ्ळंदूर ही वस्ती प्रथमदर्शनी परकी वाटावी, यात नवल नाही. २०१५ मध्ये फेसामुळे आणि २०१७ मध्ये आगीमुळे देशभर गाजलेले एक विस्तीर्ण तळे, भोवती संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि क्षितिजावर एकही कडा नाही. नोकरीनिमित्त पुण्यामुंबईहून येथे आलेल्या चौघांनी गुढी आणि उगादी एकाच सकाळी साजरी केली आणि पुढल्या रविवारी पहाटे दोराची वेटोळी गाडीत टाकून ते शहराच्या पश्चिमेस सावनदुर्गाकडे निघाले. त्यांच्यासोबत निघाल्या त्या लिंगाण्याच्या, वानरलिंगीच्या आणि तैलबैलाच्या जुळ्या भिंतींच्या आठवणी.

या आठवणी सावनदुर्गावर फारशा कामी येत नाहीत. सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याला आडवे पट्टे आहेत, गवताळ टप्पे आहेत, आणि हाती आलेला दगड हाती राहीलच याचा भरवसा नाही. म्हणून तेथला आरोहक प्रत्येक खोबणी आधी ठोकून तिचा आवाज ऐकतो. सावनदुर्गाचा ग्रॅनाइट मात्र अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. भूशास्त्रात त्याला क्लोजपेट म्हणतात. जवळच्या रामनगरचे ते इंग्रजी अमदानीतले नाव. येथे ठोकून पाहावे असे काही नसतेच. गुळगुळीत, कललेली, शेकडो फूट लांबीची पाठ, आणि तिच्यावर केवळ तळव्यांच्या घर्षणाने उभे राहायचे. भ्यालेला माणूस कातळाला बिलगतो आणि बिलगताच घसरतो. शरीर दगडापासून दूर, टाचा खाली आणि भार पायांवर, हाच येथला नियम. भीतीच्या क्षणी देहाने मनाच्या उलट वागायचे, हे शिकायला सह्याद्रीतल्या जाणत्यालाही वेळ लागतो.

आणखी एक अडचण आहे, ती मनाची. मराठी माणसाने डोंगर पाहिला तो बहुधा दुर्ग म्हणून. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’सारख्या ग्रंथांनी ही दृष्टी घडविली, आणि तिचे ऋण मोठे आहे, पण त्या दृष्टीत नुसता कातळ क्वचितच मावतो. इतिहास सावनदुर्गालाही आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले, ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि केंपेगौडांचे घराणे ज्या मागडीकडे सरकले त्याच मुलखातला हा दुर्ग. १७९१ च्या डिसेंबरात कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो टिपूकडून घेतला. तरी तेथल्या आरोहकांनी आपल्या वाटांना वीरांची नावे दिली नाहीत. एक वाट ‘दीपावली’, दुसरी ‘बेळदिंगळु’, म्हणजे चांदणे. सुळक्याच्या माथ्यावर पोहोचून शिवछत्रपतींचा जयघोष करणाऱ्यांना ही नावे आरंभी काहीशी पोरकी वाटतात.

त्या रविवारी तिसऱ्या टप्प्यापर्यंत सारे सुरळीत चालले होते. ऊन चढू लागले तसा दगड तापला आणि बुटांच्या रबराची पकड ढिली होऊ लागली. आघाडीवर असलेल्या ताईंना उजवीकडच्या कपारीखाली दोन काळी, लोंबती पोळी दिसली. आग्या मोहोळ. वाऱ्याचा रोख तिकडेच होता.

“ताई, आता थोडंच राहिलंय,” खालून त्यांच्यातल्या सर्वांत लहानाने म्हटले. “माथ्यावर नंदी आहे. तिथवर तरी जाऊ.”

“नंदी कुठे जात नाही. बिले नीट धर, मी उतरते.”

“एवढ्या लांब येऊन?”

ताईंनी उत्तर दिले नाही. सह्याद्रीत माथा न गाठता परतणे म्हणजे मोहीम फसणे. वृत्तान्तात तसेच लिहिले जाते. परंतु उघड्या पाठीवर दोरावर टांगलेल्या माणसाला मधमाश्यांपासून पळायला जागा नसते. हात चेहऱ्याकडे गेले की दोर सुटतो. हे गणित साधे आहे. ते पाळण्यासाठी मात्र सोबत्यांच्या मनातली हळहळ सोसावी लागते.

मागील मुक्कामाच्या दोन बोल्टांना दोर बांधून एकेक जण रॅपलिंगने उतरला, न बोलता, खडा न पाडता. सर्वांत लहानाला ताईंनी आधी पाठविले आणि त्याच्या हार्नेसची गाठ स्वतः दोनदा तपासली. पायथ्याशी नरसिंहाच्या देवळाजवळ सगळे पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. मुलगा काही वेळ रुसून होता. मग त्याने दोर गुंडाळायला घेतला.