भरलेली बंदूक

काडतूस ही नाशवंत वस्तू आहे असे म्हटले, तर पुष्कळांना ते चमत्कारिक वाटेल. धान्याला कीड लागते, लोणच्याला बुरशी येते, औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. पण शिसे, पितळ आणि दारू यांचे नासायचे ते काय?

माझ्या पुतण्याचीही समजूत अशीच होती. तो अमेरिकेत ह्यूस्टनला राहतो. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली, तेव्हा त्याने पंपाची एक बंदूक विकत आणली, तिच्या मॅगझिनमध्ये स्वस्तातली ५ काडतुसे भरली आणि ती निजायच्या खोलीतल्या कपाटात उभी करून ठेवली. कामानिमित्त महिन्यातले आठ-दहा दिवस तो परगावी असतो. त्या रात्री घरात सूनबाई आणि सात वर्षांची नात अशा दोघीच. “काका, बंदूक भरलेली आहे, एवढ्यावरच मला परगावी झोप लागते,” असे तो मला म्हणाला. सूनबाईला झोप लागत नसे, ती नेमकी त्याच कारणाने.

माझी बंदुकीशी ओळख कोकणातली. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी आमच्या घरी परवान्याची १२ बोअरची दुनळी होती आणि तिची सारी व्यवस्था आबांकडे असे. त्या काळची काडतुसे जाड, मेण दिलेल्या कागदाची; बूड तेवढे पितळेचे. श्रावणातल्या हवेत तो कागद फुगे आणि काडतूस नळीत शिरेनासे होई. आबा ती पत्र्याच्या डब्यात चुनकळीच्या पुरचुंडीसह ठेवीत, आणि रानात निघण्यापूर्वी बंदूक उघडून एकेक काडतूस नळीत सोडून पाहत. आपल्या वजनाने ते सरकले, तरच पट्ट्यात जाई. पट्टाही कापडी. कमावलेल्या चामड्याने पितळेवर हिरवा कीट चढतो, असे ते सांगत, आणि ते खरेच आहे.

हे दुखणे काही कोकणापुरते नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विंचेस्टरची १८९७ ची पंपाची बंदूक फ्रान्समधल्या खंदकांत नेली, तेव्हा चिखलपाण्यात तिची कागदी काडतुसे अशीच फुगली, आणि अखंड पितळी काडतुसे करवून घेण्याची पाळी आली. पुढे १९६० साली रेमिंग्टनने प्लॅस्टिकचे कवच बाजारात आणले आणि पाण्याची भीती बहुतांशी मिटली.

पण प्लॅस्टिकलाही त्याचा म्हणून एक स्वभाव आहे. त्यावर सतत दाब राहिला, तर ते मुंगीच्या पावलांनी आकार बदलते. उष्म्यात जरा लवकर. पंपाच्या बंदुकीत नळीखाली दुसरी एक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक निजलेली असतात, आणि टोकाची स्प्रिंग त्यांना अहोरात्र रेटीत असते. लोक काळजी वाहतात ती स्प्रिंगची! चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी थकत नाही. पुनःपुन्हा दबणे आणि सुटणे तिला थकविते. बिचारे काडतूस मात्र दबल्या जागीच बिघडते. त्याचे दुमडलेले तोंड आत बसते, अंग फुगते, आणि तेवढा केसभर फुगवटाही ते अडायला पुरतो. स्वस्त मालाचे बूड पुष्कळदा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते. मुलामा खरवडला की तेथे गंज धरतो. शिवाय बार झाल्यावर पोलाद पितळेसारखे आक्रसत नाही, म्हणून रिकामे कवच नळीतच चिकटून बसण्याचा संभव अधिक. घेतल्या महिन्यात निशाणबाजीत उडवून टाकायला असला माल वाईट नाही.

दारूचे म्हणाल, तर हल्लीची धूरविरहित दारूही सावकाश विघटन पावते. ते आवरण्यासाठी तीत एक द्रव्य मिसळलेले असते, आणि थंड, कोरड्या जागी ती कित्येक दशके टिकते. १९११ साली तूलाँ बंदरात ‘लिबेर्ते’ ही फ्रेंच युद्धनौका कोठारातल्या बिघडलेल्या दारूनेच उडाली. कपाटातल्या ५ काडतुसांना ते भय नाही, हेही सांगितले पाहिजे.

हे सारे ऐकून पुतण्या हसला. तरी रविवारी आम्ही निशाणबाजीच्या मैदानावर गेलो. त्याने बंदूक रिकामी केली आणि काडतुसे क्रमाने मेजावर मांडली. तेथल्या वृद्ध शिक्षकाने ती एकेक करून नळीत घालून पाहिली. तीन सुरळीत गेली. एक रेटावे लागले. पाचवे अर्ध्यावर जाऊन जे थांबले, ते पुढे सरकेना. आणि क्रमाने पाहता पहिल्या बाराला नळीत यायचे होते, ते हेच. चार वर्षे पुतण्या त्याच्याच भरवशावर झोपत होता.

टेक्सासमध्ये १९९५ पासून असा कायदा आहे की, निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागली, तर ठेवणारा गुन्हेगार ठरतो. सूनबाईने तो पूर्वीच वाचून ठेवला होता. त्या रात्री बंदूक रिकामी होऊन एका कुलपात गेली आणि नवी काडतुसे दुसऱ्या. डब्यावर तारीख घालून सूनबाईने किल्ली मागून घेतली.

“आणि मी नसताना रात्री कोणी आले तर?” पुतण्याने विचारले.

“दार लावून घेईन आणि पोलिसांना फोन करीन,” ती म्हणाली. “चार वर्षे माझा बेत तोच होता. तुमच्या त्या कपाटाला मी हातसुद्धा लावला नसता.”