दोन सेकंदांचे मौन

जानेवारी २०२१ मधील गोष्ट. महाविद्यालय अजून बंद होते आणि एम.ए.ची तोंडी परीक्षा मी निगडी प्राधिकरणातील घरी संगणकासमोर बसून घेत होतो. समोर होता चाकणजवळ म्हाळुंग्याला खोली घेऊन राहणारा, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी सांभाळून शिकणारा एक विद्यार्थी. प्रत्येक प्रश्नानंतर तो दोनेक सेकंद गप्प राही. उत्तर येई, बहुधा बरोबरच. पण तोवर मी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारू लागलेला असे आणि आमची वाक्ये एकमेकांवर आदळत. रात्रपाळी करून आला असेल, वाचनही कच्चे असेल, असे मी मनाशी ठरवले. 'आत्मविश्वास कमी' असा शेरा लिहिला आणि गुण कापले.

पुढची विद्यार्थिनी वर्गातील सर्वांत हजरजबाबी. तीही दोन सेकंद गप्प! तेव्हा कुठे मला शंका आली. शेजारच्या खोलीत चिरंजीव आपल्या प्रकल्पाची भलीमोठी चित्रफीत आंतरजालावर चढवत होते. ते काम थांबवायला लावताच तिची उत्तरे लगेच येऊ लागली. मौन विद्यार्थ्यांचे नव्हते, माझ्या राउटरमधले होते.

नंतर मी या विषयावर थोडे वाचले. बाहेर जाणारी वाट अरुंद असली की माहितीची पॅकेट्स राउटरमधल्या 'बफर' नावाच्या कोठारात रांगेत थांबतात. वाट सेकंदाला दहा लाख बिट्सची असेल आणि कोठारात वीस लाख बिट्स साठले असतील, तर नव्या पॅकेटला दोन सेकंद तिष्ठावे लागणारच. स्मृती स्वस्त झाली तशी ही कोठारे मोठी होत गेली. एकही पॅकेट वाया जाऊ नये, हा त्यामागचा सद्हेतू. पण व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पॅकेट गळणे हीच पाठवणाऱ्याला 'जरा हळू' अशी सूचना असते. कोठार मोठे असले की ही सूचना उशिरा पोहोचते आणि रांग हटतच नाही. जिम गेटिस यांना २०१० च्या सुमारास आपल्या घरच्याच जोडणीवर हा विकार आढळला. 'बफरब्लोट' हे नाव त्यांनीच रूढ केले.

चित्रफितीला दोन सेकंदांचे सोयरसुतक नसते. संभाषणाचे तसे नाही. आवाज एका बाजूने पोहोचण्यास सेकंदाच्या साधारण सातव्या भागाहून, म्हणजे १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. माझा प्रश्न मात्र मुलाच्या चित्रफितीमागे रांगेत उभा होता.

मी त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला, क्षमा मागितली आणि कारण सांगितले. तो कारखान्याच्या फाटकावर येणारा माल उतरवून घेण्याच्या कामावर होता. हसून म्हणाला, "सर, आमच्याकडंही तेच होतं. पार्किंग वाढवलं म्हणून गाडी लवकर खाली होत नाही. नुसत्या जास्त गाड्या उभ्या राहतात." चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या मालमोटारींच्या रांगा मी वर्षानुवर्षे पाहत आलो, हे मला कधी सुचले नव्हते.

म्हणून कोठार काढूनच टाकावे असेही नाही. एकदम आलेला लोंढा झेलायला ते लागतेच. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचवलेला 'कोडेल' हा उपाय रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ तिष्ठले ते मोजतो. ही प्रतीक्षा सतत पाच मिलिसेकंदांच्या वर राहिली, की तो काही पॅकेट्स मुद्दाम गाळून पाठवणाऱ्याला सावध करतो. पुढे त्याला प्रत्येक प्रवाहाच्या वेगळ्या रांगेची जोड मिळाली. त्यामुळे बोलणाऱ्याला चित्रफितीमागे उभे राहावे लागत नाही. माझ्या नव्या राउटरमध्ये ही सोय आहे. बाहेर पाठवण्याचा वेग वाटेच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवला, म्हणजे रांग आपल्याच ताब्यात राहते, एवढे मात्र पाहावे लागते.

त्याचे गुण मी दुरुस्त केले, शेराही खोडला. पण त्याआधीची पंधरा वर्षे मी समोरासमोर परीक्षा घेतल्या होत्या. तेव्हाही मुले प्रश्नानंतर थांबत, आणि त्या थांबण्याचा अर्थ मी असाच चटकन लावत असे. तेथे तर मध्ये राउटरही नव्हता.